व्हिडिओ नको, मोजमाप मागा: बारवा, किल्ले आणि मंदिरांच्या थ्रीडी स्कॅनिंगबद्दल खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी, राज्य पुरातत्त्व विभाग व सार्वजनिक बांधकाम विभागाचे अधिकारी, ग्रामपंचायतींचे सरपंच आणि देवस्थानांचे विश्वस्त यांस,

स.न.वि.वि.

जुन्या बारवांतला गाळ काढणे, किल्ल्यांचे ढासळलेले तट बांधून घेणे, हेमाडपंती मंदिरांची डागडुजी करणे अशा कामांच्या अंदाजपत्रकात आता एक ओळ हमखास दिसते: ‘थ्रीडी स्कॅनिंग व डिजिटल मॉडेल: १ नग’. आमची तक्रार या ‘१ नग’बद्दल आहे. सिमेंटच्या गोणीचा ग्रेड लिहिला जातो, खडीचा आकार लिहिला जातो आणि स्कॅनिंगपुढे नुसता नग. मग काम संपल्यावर हातात पेनड्राइव्ह पडतो, त्यात शंखनाद आणि तानपुऱ्यावर फिरणारा तीन मिनिटांचा व्हिडिओ असतो. दिसायला छान असतो. पण पायरीची उंची किती, भिंत किती कलली, बारवेत पाणी किती मावते, यातले एकही उत्तर त्यातून निघत नाही. आणि ज्या मापांतून ते निघाले असते, ती माप घेणाऱ्याच्या संगणकावर राहिलेली असतात.

स्कॅनर काय करतो, ते आधी थोडक्यात. तिपाईवर बसवलेले हे यंत्र स्वतःभोवती फिरत लेझरचे किरण सोडते आणि ते आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सें.मी. जातो. किरण जाऊन परत यायचा असल्याने १ मि.मी.चा फरक ओळखायला साधारण ७ पिकोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. (काही स्कॅनर वेळेऐवजी लहरीची फेज मोजतात, हिशेब तोच.) प्रत्येक किरणामागे एक बिंदू मिळतो: त्याचे तीन सहनिर्देशक, परत आलेल्या प्रकाशाची तीव्रता आणि कॅमेरा चालू असेल तर रंग. १० मीटरवर ६ मि.मी. अंतराने बिंदू घ्यायचे ठरवले, तर एका जागेवरून चार कोटींहून अधिक बिंदू येतात. अशा वीस जागा घेतल्या की ऐंशी कोटी. हा झाला पॉइंट क्लाउड. त्यात पायरी, खांब, देवकोष्ठ (भिंतीतला मूर्तीचा कोनाडा) असे काही नसते, नुसते ठिपके असतात. त्यातून पायरी ओढायची ती माणसाने, आणि कुठल्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा हेही त्यानेच ठरवायचे.

आता बारवेकडे येऊ, कारण स्कॅनरची खरी परीक्षा तिथे होते. चौरस बारवेच्या तळाशी तिपाई लावून वर पाहिले की पायऱ्यांचे उभे चेहरे दिसतात, पण ज्यावर पाय ठेवतो तो माथा दिसत नाही. काठावर उभे राहिले तर समोरच्या बाजूच्या पायऱ्या पूर्ण दिसतात, पण आपल्या पायाखालची बाजू दिसतच नाही. देवकोष्ठाची खोली तिरप्या कोनातून कळत नाही, त्याच्यासमोर जावेच लागते. म्हणून वीस मीटर चौरस आणि दहा-बारा मीटर खोल बारवेला काठावर आठ, मधल्या टप्प्यांवर सहा ते आठ आणि तळाशी तीन-चार अशा अठरा-वीस जागा लागतात. चार कोपऱ्यांवर चार स्कॅन घेऊन ‘काम झाले’ म्हणणाऱ्याच्या मॉडेलमध्ये पायऱ्यांमागे काळी भोके असतात. ती नंतर सॉफ्टवेअरने बुजवली जातात आणि बुजवल्याचे कुणी सांगत नाही. वालूरच्या चक्राकार बारवेसारखी रचना असेल तर जागा आणखी वाढतात, कारण वळणावर प्रत्येक पायरी पुढच्या पायऱ्यांना झाकते.

त्यात आपला दगड काळा बेसाल्ट. काळा पृष्ठभाग प्रकाश कमी परत पाठवतो, ओला झाला की आणखी कमी. अनेक स्कॅनरचा लेझर १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त असतो आणि पाणी हा प्रकाश भरपूर शोषते. त्यामुळे पाझरणाऱ्या भिंतीवर बिंदू विरळ आणि थरथरते येतात. उलट तेलाने चोपडलेली मूर्ती, शेंदराचा जाड थर, पितळी पत्रा यांवर किरण आरशासारखा भलतीकडे परततो. मूर्ती मोजायची असेल तर जवळून काढलेल्या छायाचित्रांची फोटोग्रॅमेट्री, म्हणजे फोटोंवरून मोजणी, वेगळी करावी. भारी स्कॅनर तिथे उगाच.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे साचलेले स्थिर पाणी. तिरपा पडलेला किरण पाण्यावरून उसळून समोरच्या पायरीवर जातो आणि त्याच वाटेने परत येतो. यंत्राला उसळी कळत नाही. ते बिंदू सरळ रेषेत, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली मांडते. संगणकावर पाहणाऱ्याला पाण्याखाली उतरणाऱ्या आणखी आठ-दहा पायऱ्या दिसतात, त्याही अगदी नीटस. त्या खऱ्या नाहीत, वरच्याच पायऱ्यांचे प्रतिबिंब आहे. ओळखायची खूण सोपी आहे: पाण्याच्या पातळीवर क्लाउडची घडी घातली तर खालची पायरी वरच्या पायरीवर बरोबर बसते. पाण्याची पातळी त्याच वेळी टोटल स्टेशनने (एकेका बिंदूचे कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) मोजून ठेवावी, त्याखालचे लेझरचे सगळे बिंदू काढून टाकावेत आणि तळाची खोली दोरीला वजन बांधून किंवा मापाची पट्टी (स्टाफ) उतरवून दर मीटरला घ्यावी. जुनी पद्धत आहे, पण इथे तीच खरी. एकदा का प्रतिबिंबातल्या पायऱ्या नकाशात आल्या, की पुढच्या वर्षी त्या शोधायला खोदकामाचे अंदाजपत्रक निघते.

पायरीच्या कडेवरही असेच होते. लेझरचा ठिपका शून्य जाडीचा नसतो, वीस मीटरवर तो काही मिलीमीटर रुंद झालेला असतो. अर्धा कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला की यंत्र दोन्हींच्या मधले, हवेतले अंतर देते. कडेला जणू पिसे फुटतात. ही पिसे न काढता मॉडेल केले तर झिजलेली कड गोलसर आणि फुगीर दिसते, आणि दुरुस्तीसाठी नेमकी ती कडच मोजायची असते.

वीस जागांचे वीस स्कॅन एकमेकांत बसवणे म्हणजे रजिस्ट्रेशन. बिघाड होतो तो बहुधा इथे. सॉफ्टवेअर दोन क्लाउड एकमेकांवर सरकवत जुळणी शोधते. त्यासाठी शेजारच्या स्कॅनमध्ये निदान ३० ते ४० टक्के भाग सामाईक हवा. पण बारवेच्या चारही बाजू सारख्या असतील तर सॉफ्टवेअर एखादा स्कॅन चक्क ९० अंशांत फिरवून बसवते आणि चूक फक्त ३ मि.मी. दाखवते. सभामंडपात सारख्या खांबांच्या रांगेत एक खण पुढे सरकून बसते. किल्ल्याच्या लांब सरळ तटावर क्लाउड तटाच्या दिशेने घसरतो, कारण सपाट भिंतीत पुढे-मागे अडवणारे काही नसते. उपाय म्हणजे टार्गेट: पांढरे गोळे किंवा काळ्या-पांढऱ्या चौकटीचे कागद, प्रत्येकावर क्रमांक, प्रत्येक जोडीत निदान तीन सामाईक आणि ते एका रेषेत नकोत. उंचीतही फरक हवा. सगळे टार्गेट जमिनीवर मांडले तर वरचा भाग कलंडतो. आणि कृपा करून ते दगडाला चिकटवू देऊ नका. वाळूची पिशवी आणि स्टँड पुरते, फेव्हिकॉलचा डाग शंभर वर्षे राहतो.

अहवालात ‘सरासरी चूक २ मि.मी.’ असे लिहून आले की अधिकारी सही करतात. ती सरासरी म्हणजे शेजारी स्कॅन एकमेकांशी किती जुळले एवढेच. वीस दुव्यांच्या साखळीत प्रत्येक दुवा थोडा वाकडा असेल तर टोक बरेच भरकटते आणि सरासरी तरीही २ मि.मी.च राहते. म्हणून टोटल स्टेशनने स्वतंत्रपणे मोजलेले, रजिस्ट्रेशनमध्ये न वापरलेले निदान पाच तपासणी बिंदू मागा आणि क्लाउडमधली त्यांची जागा किती चुकली ते एकेका बिंदूपुढे लिहून घ्या. त्यातला सर्वांत मोठा आकडा आधी वाचा.

हे बिंदू ज्या खुंट्यांवरून मोजायचे त्या कुठे ठोकल्या, हाही मराठवाड्यात मोठा प्रश्न. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या मातीत ठोकलेली खुंटी मे ते सप्टेंबरमध्ये सेंटिमीटरांनी वर-खाली होऊ शकते. दोन वर्षांनी तट सरकला का हे पाहायला गेलात, तर सरकलेली असते खुंटी. मुरुमापर्यंत किंवा उघड्या खडकापर्यंत उतरून काँक्रीटमध्ये चार खुणा करा, वास्तूपासून थोड्या दूर, आणि त्यांच्या जागेचे रेखाचित्र व फोटो फाइलमध्ये ठेवा.

या खुणांना उपग्रहाचे निर्देशांक सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असलेल्या उपग्रह-संदर्भ केंद्रांच्या, जाळ्यावरून घेता येतात. पण ते घेतल्यावर तीन सापळे आहेत. पहिला अंतराचा. यूटीएम ही गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. आपला बहुतेक भाग तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्वेला. त्या रेषेजवळ नकाशावरचे अंतर जमिनीवरच्यापेक्षा कमी भरते. छत्रपती संभाजीनगरजवळची १०० मीटर लांब भिंत यूटीएममध्ये, उंचीचा परिणाम धरून, सुमारे ५ सें.मी. आखूड होते. परभणीजवळ हा फरक जवळपास नाहीसा होतो आणि नांदेडकडे भिंत उलट दोन-तीन सें.मी. लांब निघते. किनवटचा भाग तर ७८ अंशांच्या पलीकडे, म्हणजे ४४ व्या पट्ट्यात जातो. दगड कापायचा असेल तर मॉडेल स्थानिक निर्देशांकांत, खऱ्या मापात ठेवा आणि यूटीएमशी सांगड घालणारे आकडे वेगळ्या कागदावर द्या.

दुसरा सापळा उंचीचा. उपग्रह देतो ती उंची पृथ्वीसाठी धरलेल्या गणिती लंबगोलावरची. समुद्रसपाटीपासूनची उंची आपल्या भागात तिच्याहून पन्नास मीटरपेक्षा जास्त वेगळी येते. बारवेची पातळी एका पद्धतीने आणि शेजारच्या कालव्याची दुसऱ्या पद्धतीने घेतली तर पाणी डोंगर चढू लागते.

तिसरा सापळा संगणकाचा. परभणी-जालना भागात यूटीएममधला उत्तरेचा आकडा (विषुववृत्तापासूनचे अंतर) एकवीस-बावीस लाख मीटरच्या घरात असतो. काही सॉफ्टवेअर आकडे ३२ बिटमध्ये साठवतात. एवढ्या मोठ्या आकड्यावर त्यांची सर्वांत बारीक पायरी २५ सें.मी.ची होते. मग खांबाची गोलाई जाते आणि बिंदू पाव-पाव मीटरच्या ओळींत उभे राहतात. स्कॅनर बिघडला म्हणून ओरड होते. तो बिघडलेला नसतो, आयात करताना मोठा आकडा वजा करायचा राहिलेला असतो.

वेळेबद्दल. पाणी सर्वांत खाली असते ते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. बहुतेक स्कॅनर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. दुपारी ते स्वतःहून बंद पडतात, नाही पडले तर तापलेल्या दगडावरची हवा नाचते आणि दूरचे बिंदू हलतात. पहाटे साडेपाच ते सकाळी दहा आणि रात्री, असे काम लावावे. स्कॅनरला अंधार चालतो, त्याचा प्रकाश स्वतःचा आहे. रंगासाठीचे फोटो तेवढे सकाळी ऊन चढण्याआधी, सावल्या सारख्या असताना घ्यावेत. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर हद्दीचा रंग पाहावा आणि संरक्षित वास्तूसाठी संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी निराळी घ्यावी. एक गोष्ट नकाशावर दिसत नाही: बुरुजाखालचे आग्या मोहोळ. ड्रोनच्या आवाजाने ते उठले तर खाली उभ्या असलेल्या पर्यटकांची धडगत नाही. आधी दुर्बिणीने कपारी पाहून घ्याव्यात.

फोनवरच्या लायडारची (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरची) आणि हातात धरून चालत घ्यायच्या स्कॅनरची जाहिरात सध्या जोरात आहे. फोनचा लायडार सुमारे ५ मीटरपर्यंतच पाहतो. शाळेतल्या मुलांना दाखवायला उत्तम. हातातला स्कॅनर चालता चालता स्वतःची जागा ओळखत जातो, अंधाऱ्या भुयारात किंवा बाळंतिणीच्या खोलीएवढ्या गर्भगृहात फार कामाचा, पण त्याची अचूकता एक ते तीन सेंटिमीटर आणि लांब चालले की तो भरकटतो. आराखड्याला चालेल, दगड बसवायला चालणार नाही.

किती अचूकता हवी, हे नकाशाच्या प्रमाणावरून ठरते. छापील रेषेची जाडी पाव मिलीमीटर धरली तर १:५० च्या नकाशात ती जागेवरचे साडेबारा मि.मी. व्यापते, १:२० मध्ये ५ मि.मी. म्हणजे नुसत्या नोंदीसाठी १:५० पुरे, दगड-दगडाच्या दुरुस्तीसाठी १:२० आणि कोरीव पट्टीसाठी १:१०. बिंदूंमधले अंतर याच्या निम्मे किंवा त्याहून कमी हवे. सगळ्या किल्ल्याचा १ मि.मी.ने स्कॅन मागणे म्हणजे पैसे आणि हार्ड डिस्क दोन्ही वाया. नळदुर्गचा तट ज्या बारकाईने मोजायचा, त्याच बारकाईने चारठाण्याच्या खांबावरची वेलबुट्टी मोजून भागत नाही, आणि उलटही नाही.

मॉडेल करणाऱ्याची सवय वेगळी असते. रेव्हिटसारखे सॉफ्टवेअर नव्या इमारतींसाठी घडलेले, त्याला सरळ भिंत आणि काटकोन आवडतो. सहा सें.मी. बाहेर झुकलेली भिंत तो ओळंब्यात उभी करून देतो, आणि जी गोष्ट पाहण्यासाठी स्कॅन केला तीच पुसली जाते. म्हणून मॉडेलसोबत फरकाचा रंगीत नकाशा मागावा: मॉडेलची भिंत आणि क्लाउड यांत कुठे किती अंतर आहे ते दाखवणारा. तसेच जाळी करताना, म्हणजे ठिपके जोडून सलग पृष्ठभाग बनवताना, सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने भरलेला भाग वेगळ्या रंगात हवा. भोक आहे तसे दिसलेले परवडले.

याचा उपयोग काय, असे ग्रामसभेत विचारले जाते, आणि ते रास्त आहे. क्लाउडचे आडवे काप दर १० सें.मी.ला घेतले की प्रत्येक पातळीचे क्षेत्रफळ मिळते. बारा मीटर चौरस जागेत १० सें.मी. पाणी म्हणजे १४.४ घनमीटर, १४,४०० लिटर. असे खालून वर बेरीज करत गेले की कोष्टक तयार होते आणि भिंतीवरच्या पट्टीवर पातळी वाचून गावाला पाणी किती उरले ते सांगता येते. गाळ काढण्यापूर्वी एक आणि काढल्यावर एक स्कॅन घेतला तर देयकातले घनमीटर ट्रॅक्टरच्या खेपांवर अवलंबून राहत नाहीत. मोजमाप पुस्तिकेला कापांचे नकाशे जोडावेत. कंत्राटदारांना हे आवडणार नाही, हे आम्हाला माहीत आहे.

तटाच्या फुगवट्यावर लक्ष ठेवतानाही दोन वेळच्या क्लाउडची तुलना होते, पण सावधपणे. दोन्ही वेळची चूक ५ मि.मी. असेल तर १४ मि.मी.च्या आतला फरक भिंत सरकल्याचा पुरावा धरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातल्या जुन्या दगडी भिंतींकडे सहज दुर्लक्ष करता येत नाही. आज घेतलेला, पक्क्या खुणांशी नीट बांधलेला क्लाउड ही उद्याच्या तुलनेची पहिली बाजू आहे. तो फक्त व्हिडिओरूपात उरला तर तुलना कशाशी करणार?

तेव्हा निविदेत एवढे लिहून घ्या. प्रत्येक जागेचा कच्चा स्कॅन आणि जोडलेला क्लाउड ई५७ (E57) स्वरूपात, शिवाय पूर्ण क्लाउड लॅझमध्ये (LAZ); ही दोन्ही खुली फाइल-स्वरूपे आहेत. कुठल्याही एका कंपनीच्या प्रकल्प फाइलवर भागवू नका, दहा वर्षांनी ती उघडणारे सॉफ्टवेअर मिळेल याची खात्री नाही. सोबत साधी मजकूर फाइल: यंत्र, कॅलिब्रेशनचा दाखला, तारीख, तापमान, पाण्याची पातळी, निर्देशांक पद्धती, उंचीची पद्धती, जागांचा आराखडा. तपासणी बिंदूंचा तक्ता. अंतिम देयकातला काही हिस्सा तुमच्या अभियंत्याने टेपने पाच अंतरे मोजून क्लाउडशी ताडेपर्यंत राखून ठेवा. टेप लावायला अर्धा तास लागतो. माहिती दोन वेगळ्या गावांतल्या दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक जिल्ह्याच्या कार्यालयात आणि एक विभागाकडे. वीस जागांची बारव रंगासह पंधरा-वीस जीबीत बसते, जागेचा बहाणा चालू देऊ नका. आणि केंद्राच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या १ मीटर व उभ्या ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवून भारतातच प्रक्रिया करायची आहे. परदेशी सर्व्हरवरच्या फुकट व्ह्यूअरमध्ये चढवण्याआधी हे वाचावे.

व्हिडिओ हवा असेल तर जरूर करून घ्या, तो याच क्लाउडमधून दोन दिवसांत निघतो. फक्त तो शेवटच्या ओळीत लिहा.

येत्या उन्हाळ्यात काम व्हायचे असेल तर कार्यादेश फेब्रुवारीअखेर निघायला हवा. खुणांचे काँक्रीट मार्चमध्ये, पाण्याचा उपसा एप्रिलमध्ये आणि स्कॅनिंग मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पुढचे पंधरा दिवस राहिलेली भोके पुन्हा जाऊन भरण्यासाठी मोकळे ठेवा. मृगाचा पाऊस पडला की तळाच्या पायऱ्या पुन्हा वर्षभर पाण्याखाली.

कळावे,
आपले,
मराठवाड्यात मोजणी आणि आरेखनाचे काम करणारे काही सर्वेक्षक व वास्तुविशारद